सह्याद्रीतल्या धरणांवर फेकायचा सोनार आणि लूर : एका हंगामाच्या वापरानंतर

पावसाळा सरल्यापासून मे अखेरपर्यंत वापरलेला संच असा: दोरीला बांधून फेकायचा 100 ग्रॅमचा वायफाय सोनार, म्हणजे ध्वनिलहरी सोडून पाण्याची खोली आणि तळ दाखवणारं यंत्र, त्यात 15 आणि 55 अंशांचे दोन बीम (ध्वनीचे झोत), आणि फोनवर ॲप. पवना, मुळशी, भाटघरसारख्या धरणांवर काठावरून गळ टाकणाऱ्यांना सांगायचं ते हेच, की हे यंत्र तळ वाचायला घ्या. मासे दाखवेल या आशेवर घेतलंत तर पैसे वाया जातील.

रुंद बीमचा मोह होतो, कारण 10 मीटर पाण्यात तो साधारण साडेदहा मीटर व्यासाचा तळ व्यापतो. अरुंद बीम जेमतेम अडीच-पावणेतीन मीटर. पण इथले काठ म्हणजे डोंगराचे उतारच, आणि सोनार आपल्या कक्षेतला सर्वांत जवळचा तळ खोली म्हणून दाखवतो. 30 अंशांच्या उतारावर खरी खोली 15 मीटर असेल, तर रुंद बीम 13च्या आसपास आकडा देतो, अरुंद 14च्या. जुना शेतबांध किंवा झाडाचा बुंधा या फरकात लपतो आणि जिग (वजन लावलेलं खोटं आमिष) नेमका तिथेच अडकतो. म्हणून उतारावर कायम अरुंद बीम.

माशांची चित्रं दाखवणारी सोय पहिल्या दिवशीच बंद करा. पाला, बुडबुडे, पावसाळ्यातला गढूळ गाळ, सगळ्याला ॲप मासाच म्हणतं. त्यापेक्षा तळाची रेषा बघा: कातळावर ती जाड आणि ठळक उमटते, दुप्पट खोलीवर दुसरी फिकट रेषाही येते; गाळावर पट्टा बारीक आणि पुसट असतो. एप्रिल-मेमध्ये संवेदनशीलता वाढवली की मधल्या पाण्यात एक आडवा पुसट पट्टा दिसतो. तो गरम आणि थंड पाण्याचा सांधा. त्याखाली प्राणवायू कमी पडतो, त्यामुळे लूर (माशाला भुलवायचं खोटं आमिष) त्याच्या वरच खेळवायची.

लूर किती खोल गेली हे कळायला मोजणीच कामाची. सोनारने 8 मीटर दाखवले तिथे लूर टाका आणि तळाला टेकेपर्यंत सेकंद मोजा. 10 लागले तर मीटरला सव्वा सेकंद. सांधा 6 मीटरवर असेल तर सात मोजून ओढायला लागा.

फेकण्यासाठी 100 ग्रॅम पेलणारा वेगळा रॉड आणि जाड विणीची (ब्रेडेड) दोरी हवी. लूरच्या हलक्या रॉडने झटका देऊन फेकलात तर दोरी तुटून यंत्र धरणात जाईल. हळू झुलवून सोडा. मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर इंटरनेट नाही म्हणून फोन सोनारचं वायफाय सोडून देतो. फोन छातीच्या उंचीवर धरा. वाऱ्याने लाटा उठल्या की कागदावरच्या 100 मीटर पल्ल्यातला निम्माच हाती लागतो. काम झाल्यावर यंत्र कोरडं पुसा. पाण्याचा स्पर्श असेपर्यंत ते चालूच राहतं आणि बॅटरी उतरते.

लूरचा पसारा नको. गवताच्या काठाला मरळीसाठी 10 ते 14 ग्रॅमचा पोकळ रबरी बेडूक पुरतो. झडप पडल्यावर लगेच हिसका न देता दोरी ताणली जाईपर्यंत थांबा. फुगवट्यात ओढा मिळतो तिथे महसीरसाठी 12 ते 18 ग्रॅमचा चमचा (धातूच्या चकाकत्या पत्र्याची लूर) किंवा दोन-तीन मीटर बुडणारा क्रँकबेट (माशाच्या आकाराची, ओढली की खाली जाणारी लूर). नितळ पाण्यात चांदी-तांबं, गढुळात सोनेरी किंवा भडक पिवळा. विकत मिळणारे तिहेरी गळ मात्र काढून टाका: महसीर जबड्याने ते वाकवतो. जाड तारेचा, टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाकलेला एकेरी गळ आणि तो लूरला जोडणारी मजबूत रिंग लावा, म्हणजे मासा सोडतानाही इजा कमी होते.

मेमध्ये पाणी ओसरल्यावर सोनार घरी ठेवून उघड्या पडलेल्या तळावर चालत जा. पवनेत बुडणारं वाघेश्वराचं मंदिर याच दिवसांत बाहेर येतं, तसेच बांध, विहिरी आणि ओढ्यांचे पाटही. फोनच्या नकाशावर खुणा करून ठेवा. ऑक्टोबरमध्ये यांवरूनच सोनार फिरवायचा. बहुतेक धरणांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा परवानगी आधी घ्या आणि त्यांच्या जाळ्यांच्या तरंगांपासून दोरी लांब ठेवा.