तयार केबल की घरी जोडलेली?
गिटारची तयार केबल पाकिटातून काढताच वापरता येते. मात्र तिचा प्लग साच्यात ओतून बंद केलेला असेल, तर आतली तार तुटल्यावर, आणि ती बहुधा प्लगच्या मानेपाशीच तुटते, तो प्लग उघडून दुरुस्ती करता येत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून शिल्डेड वायर (बाहेरचा खरखराट अडवणारे जाळीचे वेष्टन असलेली तार) आणि ६.३५ मिलिमीटरचे दोन मोनो जॅक (म्हणजे टोकांचे प्लग) आणून घरी जोडलेली केबल पुन्हा उघडता येते, शिवाय लांबी खोलीपुरती ठेवता येते. मुंबईतल्या खोलीला ३ मीटर पुष्कळ झाले, आणि लांबीबरोबर वाढणाऱ्या कपॅसिटन्समुळे (तारेच्या विद्युतभार साठवण्याच्या गुणामुळे) आवाजातला खणखणीतपणा कमी होतो, तेही काहीसे टळते. सोल्डरिंग (कथिलाचा डाग देऊन जोडणे) नकोच असेल, तर तयार केबल फिरवून उघडणाऱ्या जॅकची घ्यावी. मी घरचीच पसंत करतो, जरी पहिल्या वेळी डाग सुरेख बसल्यावर जॅकचे टोपण तारेत आधी ओवायचे राहिल्याचे लक्षात आले होते.