'विद्यापीठ' या शब्दाला भुललो

मुलीचं इंजिनिअरिंगचं एक वर्ष गेलं आणि 1 लाख 10 हजार रुपयेही गेले. संस्थेचं नाव लिहीत नाही, पण गळाला कसे लागलो ते सगळं सांगतो. यंदा ज्यांच्या घरी बारावीची मुलगी आहे त्यांनी कृपया वाचा.

8 जुलै 2024 ला शासन निर्णय निघाला. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी 100 टक्के माफ. आमच्याकडे त्या दिवशी पेढे आणले. त्याच आठवड्यात एका संस्थेतल्या मॅडमचा फोन आला. "काका, कॅप राउंडची (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची) वाट बघत बसलात तर कॉम्प्युटरची सीट जाईल. आत्ता पहिला हप्ता भरा. महाडीबीटीवर (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) फॉर्म भरला की पैसे परत." पाटीवर 'विद्यापीठ' लिहिलेलं. मला वाटलं, कॉलेजपेक्षा मोठं म्हणजे जास्त भरवशाचं. सोसायटीचं कर्ज काढून पैसे भरले, शाळा सोडल्याचा मूळ दाखलाही देऊन आलो.

नोव्हेंबरात फॉर्म भरायला बसलो तर यादीत संस्थेचं नावच नाही. ऑफिसातला क्लार्क शांतपणे म्हणाला, "आपलं स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ आहे, इथे ती योजना लागू नाही." म्हणजे स्वतःच्या पैशावर चालणारं खासगी विद्यापीठ. त्याच शासन निर्णयात खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळल्याचं लिहिलंय. शिवाय प्रवेश कॅपमधूनच झालेला लागतो. मी फक्त पेपरातला मथळा वाचला होता.

प्रवेश रद्द करायला गेलो तर पैसे मिळणार नाहीत म्हणाले. यूजीसीने (विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने) त्या वर्षी पूर्ण परताव्यासाठी 30 सप्टेंबरपर्यंत मुदत दिली होती, ती केव्हाच उलटली होती. वर "दुसरा हप्ता भरा, मग दाखला न्या." हे मात्र सरळसरळ बेकायदा होतं. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीने 2018 मध्येच बजावलंय. तसा लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा आठवड्यात दाखला हातात आला.

1983 मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. माझा धाकटा भाऊ तशाच कॉलेजातून इंजिनिअर झाला, म्हणून खासगी शिक्षणाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. पण आता सीट हा विकायचा माल झालाय. फोन करणाऱ्यांना प्रत्येक प्रवेशामागे पैसे मिळतात, हे तिथल्याच एकाने मला नंतर सांगितलं. अशा माणसाला माझ्या मुलीने कुठे शिकावं हे विचारायला मी गेलो होतो!

मुलीने पुन्हा सीईटी दिली. आता कॅपमधून मिळालेल्या साध्या कॉलेजात आहे, तिथे फी माफ झाली. तिच्या मैत्रिणी एक वर्ष पुढे गेल्या, ते तिला अजून लागतं.

पैसे भरण्याआधी प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी सीईटी सेलच्या कॅप यादीत संस्थेचं नाव आणि कोड स्वतः शोधा. फी माफीचं आश्वासन लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मागा. मी ते नोव्हेंबरात मागितलं. त्या दिवसापासून त्या मॅडमना माझा फोन लागत नाही.