हाताची घडी नाही, तोंडावर बोट नाही: क्वेकर मुलांचा कथासंच, वर्षभर वापरून

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात. माझं डी.एड. होऊन बारा वर्षं झाली, नोकरी लागली नाही, घरची शेती आहे. रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ गावातल्या, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सभागृहात मी पोरांचा वर्ग घेते. आधी प्रार्थना, श्लोक, पाढे, एखादी गोष्ट असं चालायचं. गेल्या वर्षीच्या जूनपासून त्यात मी क्वेकर लोकांचा मुलांसाठीचा कथासंच वापरते आहे. वर्ग बघून गेलेल्या दोघी-तिघींनी विचारलं, की हे काय आहे, आम्हाला जमेल का. त्यांच्यासाठी आणि तुमच्यातल्या ज्यांच्याकडे पोरं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते.

क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडात निघालेला ख्रिस्ती पंथ. जॉर्ज फॉक्स नावाच्या तरुणापासून १६५२ च्या सुमारास त्याला जोर आला. ते स्वतःला 'मित्र' म्हणवतात. प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, तो ऐकायला मधे कोणी पुरोहित लागत नाही, हा त्यांचा गाभा. म्हणून ते एकत्र येऊन शांत बसतात, आणि ज्याला आतून सांगावंसं वाटेल तो उठून दोन शब्द बोलतो. जगभर सगळे क्वेकर असंच करतात असं मात्र नाही. सर्वात जास्त क्वेकर केनियात आहेत आणि तिथे पाद्री असतो, प्रवचन असतं, गाणी असतात. मी वापरते तो संच मौनात बसणाऱ्या शाखेचा आहे.

आपल्या भागाला हे लोक परके नाहीत. मार्जोरी साइक्स या क्वेकर बाई सेवाग्रामला गांधीजींच्या नयी तालीम या शिक्षणपद्धतीत कित्येक वर्षं शिक्षकांना शिकवत होत्या. मध्य प्रदेशात होशंगाबादजवळ (आता नर्मदापुरम) रसूलियाला क्वेकरांनी ग्रामीण केंद्र चालवलं. १९७२ मध्ये सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात या केंद्राचा हात होता. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, तिथली ऋषीशेती बघायला गेले होते. विनानांगराचा गहू बघून आले, आणि त्याहून जास्त वर्षं सांगत राहिले ते तिथल्या सकाळच्या शांत बसण्याबद्दल. 'मित्र' हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला.

आता संचाबद्दल. पानं इंटरनेटवरून फुकट उतरवता येतात. देवळीला झेरॉक्सवाल्याकडे एकशे दहा पानं दोन रुपयांप्रमाणे काढली. सोबत लाकडी बाहुल्या आणि कापडाचे तुकडे लागतात. ते परदेशातून मागवायचे तर आपल्याला परवडत नाही, म्हणून गावातल्या सुतारदादांना चित्र दाखवलं. त्यांनी सागाच्या उरलेल्या तुकड्यांतून बावीस बाहुल्या करून दिल्या. नाक-डोळे नाहीत, फक्त डोकं आणि अंग. त्यांनी सहाशे रुपये घेतले. खाली अंथरायला मांजरपाट घेतलं.

पद्धत माँटेसरीच्या वळणाची आहे. शिकवणारी जमिनीवर बसते, कापडाची गुंडाळी हळूहळू उलगडते, एकेक बाहुली ठेवत गोष्ट सांगते. गोष्ट सांगताना तिनं पोरांकडे बघायचं नाही, बाहुल्यांकडे बघायचं. हे वाचून मला आधी पटलं नव्हतं. वर्गावर नजर ठेव, हेच आम्हाला डी.एड.ला शिकवलेलं. पण दुसऱ्या रविवारीच लक्षात आलं, की मी पोरांकडे बघत नाही तेव्हा पोरंही माझ्याकडे बघत नाहीत, सगळ्यांची नजर कापडावर असते. मागच्या रांगेतला गलबला आपोआप थांबला.

गोष्ट संपली की तात्पर्य सांगायचं नाही. ही संचाची सगळ्यात कडक सूचना, आणि माझ्यासाठी सगळ्यात कठीण. त्याऐवजी तीन-चार प्रश्न. इंग्रजीत ते प्रश्न 'मला नवल वाटतं की' अशा वळणानं सुरू होतात. मराठीत तसं म्हटलं तर पोरं हसली. मग मी 'काय बरं असेल' असं केलं. या गोष्टीत तुला सगळ्यात आवडलेली जागा कोणती बरं असेल? यात तू कुठे बरं असशील? पहिले चार रविवार पोरांनी हात वर करून उत्तरं दिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. एका मुलीनं विचारलंच, "ताई, बरोबर उत्तर कोणतं हाये?" मी म्हटलं, याला बरोबर-चूक नाही. ती म्हणाली, "मंग इचारता काहून?" तिच्या प्रश्नावर मी आठवडाभर विचार केला. आपण पोरांना आयुष्यात असा एकही प्रश्न विचारत नाही, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत नसतं.

जॉन वूलमनची गोष्ट मी सविस्तर सांगते, कारण माझ्या मते साऱ्या संचाचं मोल तिच्यात आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा हा माणूस, अठराव्या शतकातला, शिंपीकाम करायचा. लहान असताना वाटेत त्याला घरट्यावर बसलेली रॉबिन पक्षीण दिसली. मी पोरांना सांगितलं, आपल्या साळुंकीएवढी, छाती तांबूस. ती भोवती उडत ओरडायला लागली. यानं दगड मारले, एक लागला, ती मेली. आधी त्याला नेम लागल्याचा आनंद झाला, मग छातीत धस्स झालं. घरट्यात पिल्लं होती. ती उपाशी तडफडून मरण्यापेक्षा बरं, म्हणून झाडावर चढून त्यानं पिल्लंही मारली. हे त्यानं मोठेपणी स्वतः लिहून ठेवलं.

इथे मांजरपाटावर एक लाकडी मुलगा, फांदीचा तुकडा आणि चिंधीचं घरटं, एवढंच असतं. गोष्ट संपल्यावर सभागृहात कोणी हललं नाही. आमच्या वर्गात अकरा वर्षांचा एक मुलगा आहे, गुलेल गळ्यात घालूनच येतो. गोष्टीनंतर पोरांना बाहुल्या हाताळायला वेळ द्यायचा असतो. तो उठला, त्यानं चिंधीचं घरटं उचललं, मांजरपाटाचं एक टोक त्याच्यावर पांघरूण घातल्यासारखं ओढलं आणि जागेवर जाऊन बसला. मी काही बोलले नाही. ओठांवर आलं होतं, की बघा, म्हणून पाखरांना मारू नये. गिळलं. तीन रविवारांनी, वेगळ्याच गोष्टीच्या वेळी, तो आपणहून म्हणाला, "मी बी होला मारला होता. त्याचे पिल्लं होते का नाही, मले माहीत नाही." त्यावरही कोणी काही बोललं नाही. पण सगळ्यांनी ते ऐकलं, हे मला दिसलं.

हाच वूलमन पुढे गुलामांच्या विरोधात गावोगाव पायी फिरला. कोणाच्या घरी मुक्काम केला आणि तिथे गुलामांनी त्याची सेवा केली, तर त्यांच्या कामाचे पैसे देऊन निघायचा. न रंगवलेले कपडे घालायचा, कारण रंग अपायकारक असतात आणि मळ झाकतात, असं त्याचं मत होतं. आमच्या पोरांना हे सांगायला कष्ट पडत नाहीत. कपाशीच्या मुलखातली पोरं आहेत, बिनरंगी कापड म्हणजे काय, ते त्यांच्या हाताखालीच होतं. क्वेकरांकडेही गुलाम होते, आणि फिलाडेल्फियाच्या सभेनं सभासदांना गुलाम बाळगायला पूर्ण बंदी घातली ती १७७६ मध्ये, हेही पानांत स्वच्छ लिहिलं आहे. आपल्या लोकांची चूक आपल्याच पोरांसमोर मांडणारं धर्मशिक्षण मी कमी पाहिलं आहे.

आता मौन. प्रत्येक वर्गाच्या शेवटी लहान पोरांसाठी दोन मिनिटं, मोठ्यांसाठी दहा. मी पहिल्या दिवशी "आता शांत बसायचं" म्हटलं आणि तेवीसच्या तेवीस पोरांनी एका झटक्यात हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवलं. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. शांत बसणं म्हणजे शिक्षा, ही त्यांची समजूत आपणच करून दिली आहे. बोटं खाली यायला पावसाळा गेला. मी रागावले नाही, स्वतः हात मांडीवर मोकळे सोडून बसत राहिले. आज कोणी पायाचा अंगठा बघतं, कोणी छपरावरच्या पारव्याचं घुमणं ऐकतं, आणि ते चालतं. मंडळाचे एक काकाजी रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला येणारे. ते एकदा मागे येऊन बसले. जाताना म्हणाले, "पोरी, मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीले आमी हजारो माणसं असेच उभे राहतो. मले वाटलं, हे पोट्ट्यायले जमणार नाही."

पालकांची धास्ती खरी होती. ख्रिस्ती लोकांचं आहे, पोरं बाटतील का? मी सगळी पानं सभागृहात मांडली, वाचून दाखवली, आणि कोणालाही कधीही येऊन बसायची मोकळीक ठेवली. बायबलमधल्या गोष्टी पानांत आहेत. त्यातल्या दोन मी घेतल्या, बाकीच्या सोडल्या, आणि तसं पालकांना सांगितलं. दोन घरांनी पोरं पाठवणं थांबवलं. त्यांचा निर्णय मला मान्य आहे.

समानतेचा धडा मला जवळजवळ नव्यानं लिहावा लागला. मूळ गोष्ट अशी, की त्या काळी इंग्रजीत मोठ्या माणसाला एक सर्वनाम आणि खालच्याला दुसरं होतं. क्वेकरांनी राजापासून रस्त्यावरच्यापर्यंत सगळ्यांना एकच, साधं सर्वनाम वापरलं, कोणापुढे टोपी काढली नाही, त्यासाठी मार खाल्ला, तुरुंगात गेले. इंग्रजी पोरांना आता हे समजावून सांगावं लागत असणार. आमच्या पोरांना नाही. मी फक्त विचारलं, गावात तू कोणाला आणि तुम्ही कोणाला? फळ्यावर नावं नाही, नुसती नाती आणि कामं लिहिली. सत्तर वर्षांच्या सालदाराला अख्खं गाव 'अरे' म्हणतं आणि मोठ्या घरच्या बारा वर्षांच्या मुलाला 'बापू, या'. बौद्ध वस्तीतली एक मुलगी म्हणाली, "माह्या आजीले कोणीच तुमी म्हनत नाही, ताई." संचात जातीबद्दल एक ओळ नाही, आणि इथे ती नसेल तर हा धडा खोटा पडतो. फॉक्सच्या लोकांनी सगळ्यांना खाली, साध्या सर्वनामावर आणलं होतं. आमच्या पोरांनी उलट ठरवलं: म्हाताऱ्या माणसाला, कोणत्याही वस्तीतल्या, 'तुम्ही' म्हणायचं. घरी यावरून दोघांना बोलणी बसली, तरी अजून पाळताहेत.

किशोरवयीनांचा भाग मला कमकुवत वाटला. सक्तीची सैन्यभरती नाकारण्यावर पानंच्या पानं आहेत, आमच्याकडे तर पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावतात. कर्ज, लग्न, नापिकी, मोबाइल यांतलं काही नाही. पण त्यातली एक गोष्ट सोन्यासारखी आहे. एखाद्याला मोठा निर्णय घ्यायचा असेल तर त्यानं पाच-सहा विश्वासातली माणसं बोलवायची. त्या माणसांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा नाही, आणि तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. बारावी झालेल्या एका मुलीसाठी आम्ही हे केलं. नर्सिंग की घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे बी.ए., असा पेच होता. तिच्या मामांना "तू असं का नाही करत?" हाही प्रश्नाच्या वेषातला सल्लाच, हे तीनदा सांगावं लागलं. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, "बाई, तुले भेव कशाचं वाटते?" ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग जे बोलली, ते तिच्या आईनं पहिल्यांदा ऐकलं. तिनं काय ठरवलं ते नियमाप्रमाणे इथे लिहीत नाही.

मतदान न करता सर्वांच्या संमतीनं ठरवण्याचा भागही चांगला आहे. तो शिकवताना मी पानं बाजूला ठेवून गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावच्या ग्रामसभेचं उदाहरण दिलं, मुलांना ते लवकर पोचलं.

घ्यायचं असेल त्यांनी एवढं धरून चालावं. सगळं इंग्रजीत आहे, एका गोष्टीचा मराठी मसुदा करायला मला तीन रात्री लागतात. सूचना सहा-सात पोरांचा वर्ग धरून लिहिल्या आहेत. वीसच्या वर पोरं असतील तर दोन गोल करा आणि मदतीला कोणीतरी घ्या, नाहीतर मागच्यांना कापड दिसत नाही. बर्फाचे आणि त्यांच्या सभागृहांचे उल्लेख काढून टाकले तरी काही बिघडत नाही. सहा ते बारा वयासाठी मी हा संच डोळे मिटून सांगेन. त्यापुढच्यांसाठी मी सांगितले तेवढेच दोन भाग घ्या.

माझ्या आठ गोष्टी मराठीत तयार आहेत, कोणाला हव्या असतील तर देईन. नववी एलिझाबेथ फ्रायची, लंडनच्या न्यूगेट तुरुंगातल्या बायका-मुलांमध्ये १८१३ मध्ये पहिल्यांदा गेलेली बाई. ती वेचणी आटोपल्यावर घेईन. सध्या रविवारी निम्मी पोरं वावरात असतात, आणि सुतारदादांकडून तुरुंगाचं दारही करून घ्यायचं आहे.