स्टुडिओ मॉनिटर स्पीकरची घुंई: बॅलन्स्ड केबल की आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर?
आधी स्पीकरची सिग्नल केबल काढून बघा. तरीही आवाज राहिला, तर दोष स्पीकरमध्ये किंवा विजेच्या लाइनवर. मग केबल किंवा ट्रान्सफॉर्मरवर पैसे घालवू नका.

केबल काढताच शांत झालं? ऑडिओ इंटरफेसला (कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरला देणारा डबा) बॅलन्स्ड आउटपुट असेल तर टीआरएस केबलच (जॅकला तीन संपर्क असलेली बॅलन्स्ड केबल) घ्या. तिच्या दोन्ही तारांत सारखाच शिरलेला गोंगाट स्पीकरच्या इनपुटला वजा होतो. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकला मात्र हा फायदा मिळत नाही. तिथे ट्रान्सफॉर्मर: सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तारेचा थेट संबंध तुटतो आणि ग्राउंड लूपची (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून बनलेल्या वर्तुळाची) ५० हर्ट्झची घुंई थांबते. स्वस्तातल्यात बास पातळ होतो, म्हणून मिक्सिंगला माझी पसंती केबललाच.

अर्थिंगची पिन मात्र कधीच काढू नका, जिवावर बेतेल.