केळकर संग्रहालय: घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन जा

पुण्यात वीस वर्षं राहून राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी दोनदाच गेले होते, तेही पाहुण्यांना दाखवायला. परवा सासूबाई आणि माझी नऊ वर्षांची मुलगी, अशा आम्ही तिघी गेलो. खरं संग्रहालय मला तेव्हा दिसलं.

वजऱ्यांच्या कपाटापाशी आई थांबल्या. पाय घासायच्या वजऱ्या, पण काय एकेकीचा घाट! कुणावर मोर, कुणावर पोपट. मुलीने विचारलं, "आजी, हे काय आहे गं?" आई सांगायला लागल्या, "आमच्या वजरीत घुंगरं होती. नवी सून न्हाणीघरात गेली की साऱ्या घराला कळायचं." शेजारून शाळेची सहल चालली होती, त्यातली चार-पाच पोरं येऊन उभी राहिली. मग अडकित्ते आले. सुपारी कशी धरायची, बोट कसं वाचवायचं, हे आईंनी हवेतच कातरून दाखवलं. एक मुलगा म्हणाला, "आजी, पुन्हा दाखवा ना." नेहमी मागे मागे राहणारी ही बाई दहा मिनिटं मास्तरीण झाली होती.

दुसऱ्या एका शहरातल्या संग्रहालयात आम्हाला "बोलू नका, पुढे चला" ऐकावं लागलं होतं. तिथलं आता काहीच आठवत नाही.

दिनकर केळकरांनी (1896–1990) साधारण 1920 पासून या वस्तू गावोगाव फिरून जमवल्या. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा हा माणूस. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव संग्रहाला दिलं आणि पुढे सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. 20,000 च्या वर वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या सुमारे 2,500. मस्तानी महाल बघायला गर्दी होते, आणि तो बघावाच. पण राजेरजवाड्यांच्या तलवारी कुणीही जपतं. बाईच्या हातातली फणी, करंडा, स्वयंपाकघरातली भांडी जपण्याजोगी आहेत हे शंभर वर्षांपूर्वी ओळखणं, याला मी फार मोठं मानते. आमची वजरी मी घर बदलताना मोडीत घातली. आईंना ते कपाटासमोरच सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे, इथे आहे ना."

बाजीराव रोडवर दुपारी गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने जा. किमान दोन तास हाताशी ठेवा. मुलांना फलक वाचायला लावू नका, आजीला बोलू द्या.

आमचं दिव्यांचं दालन घाईत झालं. येत्या रविवारी पुन्हा जातोय. शेजारच्या आजींनाही आईंनी परस्पर सांगून ठेवलंय.