तारखांची वही कोणाच्या हाती? शहरी कलाकेंद्राच्या कलासंचालनाच्या तीन पद्धती

पणजी, मडगाव, म्हापसा किंवा फोंडा येथे एखादी जुनी वास्तू हाती आलेली, आणि तेथे नाटक, संगीत, नृत्य, चित्र-शिल्प व चित्रपट एका छपराखाली आणू पाहणारी संस्था आधी इमारतीचा विचार करते, मग पैशाचा. केंद्राची कलात्मक दिशा कोणी ठरवायची, हा विषय बहुधा उद्घाटनाची पत्रिका छापायला जाताना निघतो आणि चहाबरोबर उरकला जातो. हा आढावा त्या विषयापुरता आहे. एकच कलासंचालक नेमावा, प्रत्येक कलेसाठी एक याप्रमाणे जाणकारांचे मंडळ असावे, की ठरावीक मुदतीसाठी बाहेरून संयोजक बोलवावा, हे ज्या कार्यकारिणीला ठरवायचे आहे तिच्यासाठी तो लिहिला आहे. (‘कलादिग्दर्शक’ हा शब्द मी मुद्दाम टाळतो. मराठीत त्याचा अर्थ चित्रपटाचे नेपथ्य सांभाळणारा असा रुजलेला असून, एका संस्थेच्या जाहिरातीत तो वापरल्यामुळे आलेल्या अर्जांपैकी निम्मे नेपथ्यकारांचे होते.)

तिन्ही पद्धतींची तुलना सहसा कोणाची अभिरुची श्रेष्ठ या अंगाने होते. अनेक वर्षे कार्यक्रम समित्यांवर बसल्यानंतर मला ती तुलना निरर्थक वाटते. केंद्राची दिशा ठरते ती कार्यालयातल्या टेबलावरच्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत. तिच्यात प्रत्येक तारखेपुढे कोणाचे तरी नाव पेन्सिलीने लिहिलेले असते आणि अनामत भरल्यावर त्यावर शाई चढते. संचालनाचा अधिकार म्हणजे त्या वहीत शाईने लिहिण्याचा आणि प्रसंगी पेन्सिलीचे नाव खोडण्याचा अधिकार. तो कोणाकडे आहे हे न ठरवता केलेली नेमणूक कितीही मोठ्या नावाची असली, तरी ती शोभेची राहते.

गोव्यात ही वही भरायला फार वेळ लागत नाही. जून ते सप्टेंबर उघड्या रंगमंचाचा विचारच करता येत नाही. चतुर्थीच्या आसपास कलाकार आणि प्रेक्षक दोघेही आपापल्या गावच्या घरी असतात. २००४ पासून नोव्हेंबरात भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, ३ डिसेंबरला जुने गोवे येथील सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त, पुढे कार्निव्हल आणि शिगमो, आणि कार्तिकापासून देवळादेवळांच्या जत्रा व त्यांतली उत्सवी नाटके. उरलेल्या शनिवार-रविवारांवर नाट्यस्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलने, तियात्रे (गाण्यांनी भरलेली कोंकणी नाटके) आणि सत्कार समारंभ आधीच डोळा ठेवून असतात. म्हणजे वर्षभरात केंद्राला स्वतःच्या विचाराने वापरता येतील अशा चांगल्या संध्याकाळी मोजक्याच उरतात, आणि निवड खरे तर त्या मोजक्या संध्याकाळींची असते.

मंडळाची पद्धत आपल्याकडे सर्वांत परिचित आहे आणि तिची बाजू दुबळी नाही. भोपाळचे भारत भवन १९८२ मध्ये सुरू झाले तेव्हा दृश्यकलेसाठी रूपंकर, नाटकासाठी रंगमंडल, कवितेसाठी वागर्थ आणि संगीतासाठी अनहद असे स्वतंत्र विभाग होते. रूपंकर चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे आणि रंगमंडल नाट्यदिग्दर्शक ब. व. कारंत यांच्याकडे होते. स्वामीनाथन यांनी आदिवासी चित्रकारांची कामे शहरी आधुनिक चित्रांच्या शेजारी, समान दर्जाने मांडली आणि पाटणगढचे जनगढसिंह श्याम यांच्यासारखा गोंड चित्रकार देशापुढे आला. असा निर्णय सर्व कलांचा भार एकट्याने वाहणाऱ्या संचालकाला सुचला असता का, याबद्दल मला शंका आहे. पण भारत भवनात प्रत्येक विभागाला स्वतःची जागा आणि स्वतःचे काम होते, ही गोष्ट उदाहरण देणारे विसरतात. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ही वास्तू उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी, अंगणांभोवती पसरलेली आहे. तेथे चित्रकाराने नटाची जागा अडवण्याचा प्रसंग फारसा येणार नाही.

जेथे एकच सभागृह, एक दालन आणि एकच प्रकाशयोजनेचा संच असतो, तेथे हेच मंडळ वाटपाचे मंडळ होते. मी ज्या समितीवर होतो तिच्यात सात सदस्य होते, आणि तिसऱ्याच बैठकीपर्यंत वर्षाच्या तारखा सात वाट्यांत विभागल्या गेल्या होत्या. गायनाला इतक्या, नाटकाला इतक्या, भजनाला इतक्या, आणि चित्रकाराला भिंती, कारण भिंतींना तारीख लागत नाही असा समज. प्रत्येकाने आपला वाटा प्रामाणिकपणे, चांगल्या कलाकारांनी भरला. तरीही वर्षाच्या अखेरीस त्या केंद्रात काय घडले, हे एका वाक्यात सांगता येईना. एका संध्याकाळी दालनात प्रदर्शनाचे उद्घाटन सुरू असताना आत सभागृहात नाटकवाले नेपथ्य ठोकत होते. पाहुण्यांचे भाषण हातोड्याच्या ठोक्यांमधून ऐकू येत होते, आणि दोन्ही कार्यक्रम दोन वेगळ्या सदस्यांचे असल्यामुळे आत जाऊन थांबा म्हणणारा कोणी नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच रंगमंचावर कथकची तालीम होती आणि फळ्यांतून वर आलेला एक खिळा नर्तकीच्या टाचेत गेला. लाकडी फळ्या नेपथ्याला खिळ्यांसाठी हव्या असतात आणि नर्तकीला अनवाणी पायांसाठी. हा निवाडा दोघांपैकी कोणाच्याच विषयात येत नाही. तो द्यायला दोघांच्या वरचे माणूस लागते.

एकच कलासंचालक असण्याचा खरा फायदा यापुढचा आहे. घुमट या गोव्यातल्या मडक्याच्या तालवाद्याचे उदाहरण घ्यावे. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. पूर्वी त्याच्या तोंडावर घोरपडीचे कातडे ताणत, वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता बकऱ्याचे वापरतात, आणि या बदलाने नाद कसा बदलला यावर वादकांमध्ये अजून वाद रंगतो. मंडळापुढे हा विषय आला तर तो संगीताच्या वाट्याला जातो आणि त्याची एक संध्याकाळ होते. एकाच्या हाती वही असेल, तर दालनात डिचोलीच्या कुंभारांची मडकी घडवण्यापासूनची प्रक्रिया मांडता येते, सभागृहात घुमट-आरतीचे पथक आणि मांडो ही कोंकणी नृत्यगीते गाणारे गट एकामागोमाग बसवता येतात, आणि त्याच नादावर एखाद्या नृत्यरचनाकाराला महिनाभर तालमीची खोली देता येते. कला शेजारीशेजारी ठेवणे आणि एकमेकींच्या अंगणात उतरवणे यांतला फरक हा आहे, आणि ‘बहुकला केंद्र’ ही पाटी लावायची तर दुसरी गोष्ट जमली पाहिजे.

अशा एकाच व्यक्तीने काय बदलू शकते, हे पॅरिसमधल्या ‘सांकात्र’ या केंद्रावरून दिसते. शहराच्या अंत्यसंस्कार सेवेच्या एकोणिसाव्या शतकातल्या भव्य इमारतीत हे केंद्र २००८ मध्ये उघडले, तेव्हा त्याचे संचालन दोन नाट्यदिग्दर्शकांकडे संयुक्तपणे होते. त्यांच्यानंतर २०१० मध्ये जोझे-मानुएल गोन्साल्वेस एकटे आले. त्यांच्या काळात इमारतीचे मोठे मधले दालन कोणालाही येऊन सराव करण्यासाठी खुले ठेवले गेले, आणि आज तेथे हिप-हॉप नर्तक, कसरतपटू आणि नट शेजारीशेजारी तालीम करताना दिसतात. पणजीत कांपाल येथल्या कला अकादमीचा मांडवीकडे उघडणारा, आरपार चालत जाता येणारा तळमजला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या निर्णयाचे मर्म वेगळे सांगायला नको.

एकट्या संचालकाचा धोकाही तितकाच उघड आहे. तो कोणत्या तरी एका कलेतून आलेला असतो आणि त्याच्या ओळखी त्याच कलेत असतात. गोव्यात यात भाषेची भर पडते. मराठी नाटकात वाढलेल्या संचालकाला तियात्र सहसा पाहायचा असतो पण पाहिलेला नसतो. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिला तियात्र झाला तेव्हापासून ही रंगभूमी मुख्यतः तिकिटावर उभी आहे, आणि तिचा प्रेक्षक दुर्लक्षून गोव्यातले केंद्र चालवणे म्हणजे घरातले अर्धे पाट रिकामे ठेवून पंगत वाढणे. उलट बाजूने, बाहेरून आलेल्या आणि दृश्यकलेच्या वर्तुळातल्या संचालकाला उत्सवी नाटक हौशी आणि म्हणून गौण वाटण्याची शक्यता असते. कार्यकारिणीने उमेदवाराच्या स्वतःच्या कलाकृती जरूर पाहाव्यात, पण त्याहून जास्त लक्ष तो स्वतःच्या क्षेत्राबाहेरचे काय नियमित पाहतो याकडे द्यावे.

मुदतीपुरत्या संयोजकाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण वर्षभर चालणाऱ्या केंद्राला ही पद्धत मला मुळात लागू वाटत नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिनालेने (दर दोन वर्षांनी भरवायच्या कलाप्रदर्शनाने) पुढे जितिश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, अनिता दुबे अशी प्रत्येक वेळी वेगळ्या कलावंताकडे सूत्रे दिली आणि त्यातून तिला ताजेपणा मिळाला, हे खरे. पण बिनाले संपते, दिवे उतरतात आणि जागा रिकामी होते. केंद्रात ऑगस्टमधली गळती, तबल्याची ओल खाल्लेली शाई आणि मंगळवारचे पंधरा प्रेक्षक हेही संचालकाच्याच वाट्याचे असतात, आणि ते शिकेपर्यंत पाहुण्या संयोजकाची मुदत संपलेली असते. एखाद्या वार्षिक आठवड्यासाठी पाहुणा बोलवावा, त्याला ठरावीक रक्कम आणि ठरावीक तारखा द्याव्यात, इतपत ठीक.

पैशाच्या बाजूने पाहिले तर तिन्ही पद्धतींत एक खर्च लपलेला असतो, आणि तो पगाराहून मोठा असू शकतो. सभागृह भाड्याने दिले की उत्पन्न होते, आणि केंद्राने स्वतः वापरले की ते बुडते. मंडळाला हे जाणवत नाही, कारण प्रत्येक सदस्याच्या वाट्याला येणारा तोटा छोटा दिसतो. एकच संचालक असेल तर खजिनदाराचे बोट लगेच त्याच्याकडे वळते आणि दुसऱ्या वर्षापासून एकेक तारीख भाड्यावर परत जाऊ लागते. म्हणून न घेतलेले भाडे अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी खर्च म्हणून दाखवावे.

माझा कल असा आहे. एकच मोठे सभागृह आणि दहाच्या आतबाहेर कर्मचारी असलेल्या केंद्राने एकच कलासंचालक नेमावा. मुदत चार वर्षांची असावी, एकदाच वाढवता यावी, आणि वाढवणार की नाही हे तिसऱ्या वर्षाअखेर कळवावे, कारण पुढचे कार्यक्रम वर्षभर आधी ठरतात. शनिवार-रविवारच्या तारखांपैकी एक तृतीयांश त्याच्या शाईच्या असाव्यात. त्या खोडण्याचा अधिकार अध्यक्षांनाही नसावा. पैशाच्या व्यवहारासाठी त्याच्या बरोबरीचा व्यवस्थापक हवा, म्हणजे सही दोघांची लागेल. मंडळ ठेवायचेच असेल तर सल्लागार म्हणून ठेवावे, त्यांनी मत द्यावे पण तारखा मागू नयेत. वास्तूत खरोखर स्वतंत्र दालने आणि प्रत्येक दालनाला स्वतंत्र तरतूद असेल, तर मात्र मी भारत भवनाच्या बाजूने मत देईन.

आणि मुलाखतीत उमेदवाराला दृष्टिकोन विचारत बसू नये. गेल्या वर्षाची वही त्याच्यासमोर उघडावी, पेन्सिल हातात द्यावी, आणि कोणत्या पाच तारखा तो खोडेल, ज्यांच्या खोडल्या त्यांना कोणत्या शब्दांत कळवेल आणि त्या संध्याकाळी तेथे काय करील, हे विचारावे.