१८९५ चे पोर्तुगीज शिपाई आणि माझे ३०,७३९ रुपये

तीस हजार सातशे एकोणचाळीस रुपये गेले. घरी मी अठरा हजार पाचशेच सांगितलेत, बाकीचं सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. तरी लिहितोय, कारण मला फसवणारा माणूस थांबलेला नाही.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वाळपईजवळ राहतो. इथल्या राणे घराण्याने पोर्तुगिजांविरुद्ध केलेल्या उठावांची मिनिएचर्स, म्हणजे शिपायांच्या चिमुकल्या मूर्ती, जमवायचं वेड मला अकरा वर्षं आहे. २८ मिलिमीटरची, एकेक हाताने रंगवलेली. नेपोलियनची फौज हवी तर ढिगाने मिळते, झुलू युद्धही मिळतं. पण १८५२ साली दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला, १८९५ साली पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार देऊन बंड केलं आणि दादा राणे त्यांना मिळाले, याचे शिपाई कोण ओतणार? राणे मी मावळ्यांवरून करून घेतो. पागोटं बदलायचं, तलवार कापून हातात ठासणीची बंदूक द्यायची. असे बत्तीस झाले. अडलं होतं पोर्तुगिजांपाशी. ते बंड मोडायला राजाचा भाऊ आफोंसो लिस्बनहून फौज घेऊन आला होता, ती फौज मला हवी होती. हे मी चार ठिकाणी बोलून, लिहून बसलो होतो. तिथूनच त्याने मला हेरलं.

जूनमध्ये मेसेज आला. आडनाव गोंयकाराचं, राहणं लिस्बनला, वारलेल्या काकांचा संग्रह विकायचाय. साठ शिपाई, चार अधिकारी, एक डोंगरी तोफ, सगळं ‘१८९५ च्या गोव्याच्या मोहिमेसाठी खास ओतून घेतलेलं’. किंमत १८,५००. नगाला तीनशेही पडत नव्हते. धातूचा साधा शिपाई बाहेरून मागवला तरी टपालखर्च धरून याहून महाग जातो. स्वस्ताई बघून तेव्हाच थांबायला हवं होतं, पण खरा घाव तिथे नाही.

खरा घाव फोटोत होता. मी तो बोटांनी मोठा केला. पहिल्या रांगेतल्या शिपायाच्या बंदुकीखाली, चापाच्या मागे, एक लांब दांडी होती. ती मार्टिनी-हेन्रीची दांडी. इंग्रजांची बंदूक, झुलू युद्धातली. पोर्तुगिजांनी १८८६ साली क्रोपाचेक घेतली. तिला उजव्या अंगाला बोल्ट असतो, खाली अशी दांडी नसते. मला हे कुणी सांगायला नको होतं, माझ्या वहीत क्रोपाचेकचं चित्र मी स्वतः काढलेलं आहे. म्हणजे समोर होते ते वर निळा रंग फासलेले इंग्रज. मी विचारलंसुद्धा. ‘बनवणाऱ्याने थोडं आपल्या मनाने केलंय,’ तो म्हणाला. आणि मग मीच त्याची वकिली सुरू केली: एखाद्या तुकडीकडे दुसरी बंदूक असेल, दांडी कापून टाकता येईल, बोल्ट तारेचा करता येईल. तीन मिनिटांत पैसे पाठवले. यूपीआयवर नाव तिसऱ्याच माणसाचं आलं. ‘म्हापशाच्या मावसभावाचं खातं आहे.’ तेही मानलं.

मी भोळा नाही. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यांचे फोन मी कापतो. पण अकरा वर्षं जे कुणी बनवलंच नाही, ते कुणी समोर आणून ठेवलं तर हात थरथरतो. ज्याला असलं वेड नाही त्याने मला शहाणपण शिकवू नये.

नऊ दिवसांनी कस्टम्सचं पत्र आलं, शिक्क्यासकट पीडीएफ. ड्युटी ७,२४०, तीही एका खासगी खात्यावर. पोस्टाने आलेल्या पार्सलची ड्युटी दारात पोस्टमनला देतात, मी पूर्वी दोनदा दिली आहे! कस्टम्सच्या खऱ्या पत्रावर डीआयएन नंबर, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक, असतो, तो त्यांच्या साइटवर तपासता येतो. दोन मिनिटांचं काम. मी ते पैसे गेल्यावर केलं. मग ‘परत मिळणारा’ विमा, ४,९९९. परत मिळणारे म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथल्या तिथे नंबर ब्लॉक करा.

त्यानंतर उत्तर बंद.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन त्याच तासाला करा. पैसे खात्यातून पुढे सरकण्याआधीच अडवता येतात. मी लाजेपायी तीन दिवस गप्प बसलो. पण लाजेचं कारण मला पुढे ठाण्यात कळलं. तिथला हवालदार सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, ‘बाब, खेळण्यांचेर तीस हजार?’ बाकावर बसलेले चौघे हसले. मी त्यांना खेळणी नाहीत हे समजावत बसलो, आणि ज्याने गुन्हा केला त्याचा खातेनंबर लिहून घ्यायला कुणी पेन उचललं नाही. दुसऱ्या गावच्या कार्यालयात पाठवलं. तिथे म्हणाले, चॅटच्या प्रिंट आणा. ४१ पानं, पाच रुपये पान, २०५ रुपये. नेल्या तर साहेब रजेवर. परत गेलो तर अर्ज पुन्हा पहिल्या ठाण्यात द्यायचा होता म्हणे. प्रत्येक खेपेला एक दिवस मोडला, पगार कापला गेला. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात ना, मग आम्ही काय करणार? ते खातं कुणाच्या कागदपत्रांवर उघडलं, हे तरी विचारा म्हटलं. ‘ते आम्हाला सांगता येत नाही.’ माझे पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव गुप्त, आणि माझं नाव, पत्ता, आधार चार टेबलांवर उघडं पडलेलं! फसवणाऱ्यावर मी चिडलोय, पण रात्री डोळ्यांसमोर येतो तो बाकावरचा हशा.

संग्रह विकणाऱ्याकडे व्हिडिओ कॉल मागा, आणि तुम्ही सांगाल तोच शिपाई, तुम्ही सांगाल त्या बाजूला फिरवून दाखवायला लावा. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला याचा राग येत नाही. मी मागितला तेव्हा ‘काकांच्या घरात नेटवर्क नाही’ आलं होतं. लिस्बनमध्ये!

चवथीला आलेल्या पाव्हण्यांना पडवीतला नाणूसचा किल्ला दाखवला. थर्माकोलवर चिऱ्याची भुकटी चिकटवलेला, बत्तीस राण्यांसह. ‘समोरचे कुठे?’ एका पोराने विचारलं. यायचेत, म्हणालो.

गेल्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा पाहिला. आता नाव दुसरं, गाव कोइंब्रा, किंमत १६,०००. ओळखायची खूण सांगतो: उजव्या कोपऱ्यातल्या बिगुलवाल्याचा डावा हात कोपरातून मोडलेला आहे आणि त्याच्या बेसला आडवी चीर आहे.